गोळी तुमची, बायपास सरकारचा

ठाण्यातल्या किंवा नवी मुंबईतल्या रेशनकार्डधारकाला हृदयविकाराचा झटका आला, तर निदान कागदावर तरी त्याला खिशात हात घालावा लागत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं कवच आहे. अँजिओप्लास्टी, स्टेंट, बायपास, सगळं त्यात बसतं. झटक्याआधी दहा वर्षं त्याच माणसाला जो रक्तदाब होता, त्याच्या रोजच्या गोळीला मात्र या योजनेत जागा नाही. योजना रुग्ण भरती झाल्यावर जागी होते आणि घरी सोडल्यानंतर दहा दिवसांच्या औषधांवर संपते. काही निवडक शस्त्रक्रियांनंतरच्या तपासण्यांसाठी वेगळं पॅकेज आहे, पण तो अपवाद.

म्हणजे स्वस्त, कंटाळवाणं, रोजचं काम नागरिकाने आपल्या जबाबदारीवर करायचं आणि ते फसलं की लाखांचं बिल सरकारने भरायचं. ‘आरोग्यसेवा सरकारनेच द्यावी’ आणि ‘ज्याने त्याने आपल्या तब्येतीची काळजी घ्यावी’ असे दोन पक्ष हिरिरीने भांडत असतात, पण या उलट्या वाटणीकडे दोघांचंही लक्ष नाही. सरकारी पैसा आधी गोळीवर, मोजणीवर, जवळच्या दवाखान्यावर लागला पाहिजे. तो लागल्यावरच नागरिकाकडे जबाबदारी मागता येते. त्याआधी मागितली तर तो नुसता उपदेश होतो.

योजनेला नावं ठेवायची म्हणून हे लिहीत नाही. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झालेली ही योजना पुढच्या वर्षी राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिला फुल्यांचं नाव मिळालं आणि १ जुलै २०२४ पासून दीड लाखांची मर्यादा पाच लाख झाली. पिवळ्या आणि केशरी कार्डांच्या जोडीला शुभ्र कार्डवालेही आत आले. शिवाय ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मानचं कार्ड मिळतं. एका अर्थाने महाराष्ट्रात सार्वत्रिक आरोग्यविमा आलेला आहे. घोडबंदर रोडवरच्या टॉवरमधल्या पुष्कळांना याचा पत्ता नाही. रेशन घ्यायचं नाही म्हणून त्यांनी कार्डच काढलेलं नसतं.

आणि कार्ड असलं तरी ते ऐनवेळी चालेलच असं नाही. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या मदतनिसाच्या, टेबलावर रेशनकार्ड आणि आधार द्यायचं, ऑनलाइन नोंदणी होते, डॉक्टर तपासण्या जोडून पूर्वमंजुरी मागतात, मंजुरी आली की पॅकेज लागू होतं. तातडीच्या वेळी फोनवर कळवून उपचार आधी सुरू करता येतात आणि कागद मागून देता येतात. घोळ होतो तो ठरलेल्या जागी. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या कार्डातून कमी झालेलं असतं पण सासरच्या कार्डात चढलेलं नसतं. कार्डावर ‘बाळू’ असतं, आधारवर ‘बाळकृष्ण’. रुग्णालय योजनेत असतं, पण हाडांच्या विभागापुरतं, हृदयरोगासाठी नसतं. किंवा सगळं जुळतं आणि मग ‘हे इम्प्लांट पॅकेजमध्ये बसत नाही’ म्हणून नातेवाइकांकडून वेगळे पैसे मागितले जातात. तिथे १५५३८८ या क्रमांकावर तक्रार करायची असते. पण रुग्ण ऑपरेशनच्या टेबलावर असताना तक्रार करायला धीर लागतो, आणि तो कार्डासोबत मिळत नाही. शिधावाटप कार्यालयातली नाव चढवण्याची खेप रुग्ण धडधाकट असताना मारलेली बरी, हे मात्र खरंच ज्याच्या त्याच्या हातातलं काम आहे.

आता जबाबदारीवाल्यांचं म्हणणं. ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. आयुष्यभर तंबाखू मळणाऱ्याच्या तोंडाच्या कॅन्सरचा खर्च मी का उचलायचा? हेल्मेट न घालता पडलेल्याचं डोकं माझ्या करातून का शिवायचं? फुकट मिळालं की किंमत राहत नाही, साध्या सर्दीला लोक मोठ्या इस्पितळात रांगा लावतात, हेही त्याला जोडून येतं. यातला शेवटचा मुद्दा तर खराच आहे. कळव्याच्या किंवा वाशीच्या पालिका रुग्णालयाच्या ओपीडीत सकाळी उभं राहिलं, तर वॉर्डातल्या दवाखान्यात पाच मिनिटांत आटोपले असते असे कितीतरी रुग्ण तिथे दिसतात.

यावर नेहमी सुचवला जाणारा उपाय म्हणजे शुल्क लावा. थोडे पैसे पडले की माणूस विचार करून येईल. या कल्पनेची परीक्षा अमेरिकेत १९७० च्या दशकात झाली. रँड या संस्थेने सुमारे २,७५० कुटुंबांना वेगवेगळ्या प्रमाणात खर्च वाटून दिला. काहींना सगळं मोफत, काहींना बराचसा भार स्वतःवर. पैसे भरावे लागणाऱ्यांनी दवाखान्याची पायरी कमी चढली, हे खरं. पण त्यांनी अनावश्यक उपचार टाळले तसेच आवश्यकही टाळले. कोणतं दुखणं अंगावर काढायचं नाही, हे रुग्णाला घरी बसून ठरवता येत नाही. बहुतेक धडधाकट लोकांच्या तब्येतीत यामुळे फारसा फरक पडला नाही, हेही सांगायला हवं. शुल्काच्या बाजूने बोलणारे तेच सांगतात. फरक पडला तो गरीब आणि रक्तदाब असलेल्या लोकांत. मोफत उपचार मिळालेल्यांचा दाब जास्त आटोक्यात राहिला. शुल्काचा फटका बसतो तो नेमका ज्यांचं बायपासचं बिल पुढे सरकारच्या दारात येणार त्यांना.

महाराष्ट्र सरकारने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून सगळं मोफत केलं, ते मला म्हणूनच योग्य वाटतं. फक्त ते कुठे लागू आहे हे लोकांना कुणी नीट सांगितलं नाही. ठाण्याचं जिल्हा रुग्णालय, ज्याला सगळे ‘सिव्हिल’ म्हणतात, ते या विभागाचं. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ठाणे महापालिकेचं. वाशी, ऐरोली, नेरूळची रुग्णालयं नवी मुंबई महापालिकेची. पुढे जे.जे.ला पाठवलं तर ते वैद्यकीय शिक्षण विभागाचं. एकाच रुग्णाची चिठ्ठी तीन-चार मालकांच्या दारांतून फिरते आणि प्रत्येक ठिकाणचा नियम निराळा. शहापूर-मुरबाडच्या पाड्यावरून सिव्हिलला आणि तिथून पुढे निघालेल्या माणसाला ‘सरकारी म्हणजे फुकट’ एवढंच माहीत असतं.

रोग वरच्या टोकाला येईपर्यंत खाली काही नसलं की काय होतं, याची आठवण या जिल्ह्याला वेगळी करून द्यायला नको. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या रुग्णालयात चोवीस तासांत अठरा रुग्ण दगावले. त्यातले बरेच अखेरच्या अवस्थेत आले होते, काहींना खासगी रुग्णालयांनी शेवटच्या घटकेला पाठवलं होतं, असं प्रशासनाने सांगितलं. रुग्णालयाची जबाबदारी त्याने संपत नाही. पण ते म्हणणं जसंच्या तसं मान्य केलं, तरी ते रुग्ण अखेरच्या अवस्थेपर्यंत कुणाच्या नजरेखाली होते, हा प्रश्न उरतोच.

तंबाखूचा हिशेब मांडू. २०१६-१७ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. सवय त्यांची, हे मान्य. पण गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि पुडी मिळवायला फार चालावं लागत नाही. शाळा-कॉलेजच्या शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, हा कायदा २००३ चा आहे. ठाणे स्टेशनपासून कोपरखैरणेपर्यंत कोणत्याही शाळेच्या फाटकातून टपऱ्या मोजून पाहाव्यात. मुलगा पंधराव्या वर्षी फाटकाबाहेर पुडी घेतो आणि पंचेचाळिसाव्या वर्षी त्याला आपण जबाबदारी विचारतो. मधली तीस वर्षं ज्यांच्याकडे परवाने, दंड आणि तपासणीचे अधिकार होते, त्यांना कुणी विचारत नाही.

शिवाय तोंडाचा कॅन्सर लपून वाढणारा रोग नाही. पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेली जखम, तिखट झोंबणं, तोंडात तीन बोटं उभी न जाणं, ही लक्षणं बॅटरी आणि लाकडी पट्टी घेऊन दोन मिनिटांत दिसतात. तीस ते पासष्ट वयाच्या प्रत्येकाची अशी तपासणी पाच वर्षांतून एकदा व्हावी, असं असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमातच लिहिलेलं आहे. वाशीच्या एपीएमसी बाजारात शेकडो माथाडी कामगार एका जागी सापडतात. तळोजा किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या टीटीसी औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याच्या गेटवर शिफ्ट बदलताना तासाभरात दोनशे माणसं जातात. त्यांच्याकडे दंतवैद्य पाठवणं हे योजनेतल्या एका मोठ्या शस्त्रक्रियेपेक्षा किती तरी स्वस्त आहे. थायलंडने २००१ मध्ये दारू-तंबाखूच्या करावर दोन टक्के अधिभार लावून तो पैसा थेट आरोग्यसंवर्धनाच्या निधीत वळवला आणि पुढच्याच वर्षी ‘तीस बाट’ (बाट हे तिथलं चलन) या नावाने ओळखली जाणारी सार्वत्रिक आरोग्ययोजना देशभर नेली. तंबाखू खाणाऱ्याने स्वतःचा भार उचलावा असं वाटणाऱ्यांना ही पद्धत पटायला हरकत नसावी. त्यात तो पुडी घेताना भरतो, व्हीलचेअरवरून नाही.

काही आजारांत तर ‘वैयक्तिक’ हा शब्दच लागू पडत नाही. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात आठ-दहा दिवसांत अंड्यापासून उडण्याइतका मोठा होतो. बांधकामाच्या तळघरात, लिफ्टच्या खड्ड्यात, स्लॅबवर सोडलेल्या पाण्यात तो वाढतो आणि शेजारच्या सोसायटीत चावतो. सोसायटीवाल्याने दर रविवारी कूलर आणि कुंड्यांच्या बशा कोरड्या केल्या तरी बिल्डरचं तळघर त्याच्या ताब्यात नाही. इथे जबाबदारी नोटीस काढणाऱ्या वॉर्ड ऑफिसची आणि ती मिळालेल्या बिल्डरची.

रक्तदाबाकडे पुन्हा येतो, कारण सगळा प्रश्न तिथे उघडा पडतो. जनऔषधी दुकानात अॅम्लोडिपिन या रक्तदाबावरच्या औषधाची पाच मिलिग्रॅमची दहा गोळ्यांची पट्टी दहा रुपयांच्या आत मिळते, म्हणजे वर्षाचा खर्च चारशेच्या आत. ती वर्षानुवर्षं न घेतलेल्या काहींची मूत्रपिंडं निकामी होतात आणि मग आठवड्यातून तीनदा, वर्षाला एकशे छप्पन्न वेळा डायलिसिस. ते योजनेत मोफत होतं. पण आठवड्यातले तीन दिवस मशीनला जोडलेल्या रिक्षावाल्याची कमाई योजना भरून देत नाही.

‘मग घ्यायची की गोळी, पालिकेच्या दवाखान्यात फुकट मिळते!’ मिळते, आणि खरी गंमत इथेच आहे. सकाळच्या ओपीडीच्या वेळी दिवा किंवा कळव्याचा माणूस लोकलमध्ये असतो आणि महापेचा कामगार पंचिंग करत असतो. औषध सात किंवा पंधरा दिवसांचं मिळतं, म्हणजे महिन्याला दोन ते चार खाडे. रोजंदारीवाल्याला ‘मोफत’ गोळी अशी हजाराच्या वर पडते. पुढच्या खेपेला दुसऱ्या कंपनीची, वेगळ्या रंगाची गोळी येते आणि त्याला वाटतं डॉक्टरांनी औषध बदललं. मे महिन्यात तो गावी जातो, तिथे पट्टी संपते. परत आल्यावर बरंच वाटत असतं, म्हणून जातच नाही. रक्तदाबात बरंच वाटतं, हीच त्यातली खोच.

मोजणीतही गोंधळ. जिना चढून आलेल्या, नुकताच चहा घेतलेल्या माणसाच्या लोंबत्या हाताला पट्टा बांधून आलेला आकडा म्हणजे दाब नव्हे. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसवायचं, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीवर टेकलेला, अर्ध्या तासात चहा-तंबाखू नाही, दंडाच्या मापाचा पट्टा, आणि एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं. जाड दंडावर लहान पट्टा लावला की दाब खोटाच वाढतो. गर्दीच्या ओपीडीत हे होत नाही. मग कुणाला उगाच गोळी सुरू होते, कुणाची हवी असताना राहते.

हे सगळं सुधारता येतं, आणि राज्यातच करून पाहिलेलं आहे. केंद्राचा रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा आणि वर्धा या जिल्ह्यांत सुरू झाला. सगळीकडे एकच ठरलेला औषधक्रम: अॅम्लोडिपिन, महिन्याने दाब १४०/९० च्या खाली नसेल तर जोडीला टेल्मिसार्टन, पुढे मात्रा वाढवायची. औषध पूर्ण तीस दिवसांचं. पुढच्या वेळी दाब मोजायला आणि औषध द्यायला प्रशिक्षित नर्स पुरते. आणि न आलेल्यांची यादी काढून फोन. यात महागडं यंत्र नाही. लागतो तो साठा संपण्याआधी मागणी करणारा फार्मासिस्ट आणि यादी खरोखर बघणारा वैद्यकीय अधिकारी.

शहरासाठी आणखी एक गोष्ट: वेळ. २०१३ च्या राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियानाच्या आराखड्यात पन्नास हजार वस्तीमागे एक नागरी आरोग्य केंद्र आणि दुपारी बारा ते रात्री आठ ओपीडी सुचवली होती. २०११ च्या जनगणनेच्या आकड्यावरच ठाण्याला सदतीस आणि नवी मुंबईला बावीस केंद्रं लागतात. लोकसंख्या तेव्हापासून कुठच्या कुठे गेली आहे. पण केंद्रांच्या संख्येपेक्षा मला ते ‘रात्री आठ’ महत्त्वाचं वाटतं. इमारत नगरसेवकाला उद्घाटनासाठी मिळते. संध्याकाळी सात वाजता तिथे बसणारा डॉक्टर मिळवायला कंत्राटी नेमणुकांपलीकडे जाऊन नीट पगार द्यावा लागतो.

स्वतःचा विमा स्वतः काढणाऱ्या मध्यमवर्गाला हे परकं वाटतं. पण त्यांचा विमाही भरतीपासूनच सुरू होतो. वर पॉलिसीतल्या खाचाखोचा वाचल्या नाहीत तर फटका वेगळाच. पाच लाखांच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का असेल तर दिवसाला पाच हजार. दहा हजारांची खोली घेतली की भाड्यातलेच नव्हे, तर सर्जनची फी आणि ओटीचा आकार असे खोलीशी जोडलेले खर्चही निम्मेच मंजूर होऊ शकतात. आधीपासून असलेल्या आजाराला प्रतीक्षाकाळ आहे. २०२४ पासून तो जास्तीत जास्त तीन वर्षांचा केला, पूर्वी चार होता. हप्ता वयाबरोबर वाढतो आणि निवृत्तीनंतर, जेव्हा खरी गरज, तेव्हा अनेकांना तो झेपत नाही. प्रीमियमवरचा अठरा टक्के जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये गेला, तेवढा दिलासा.

उलट ज्याला आपण जुनाट समजतो त्या ईएसआयसीचा, म्हणजे कामगारांच्या राज्य विम्याचा, सांगाडा बघा. वीस हजार पगारावर कामगाराचे दीडशे, मालकाचे साडेसहाशे, महिन्याला आठशे रुपये. त्यात ओपीडी, रोजची औषधं, भरती, कुटुंब, आजारपणातली भरपाई सगळं. म्हणजे जबाबदारीही आहे, सरकारी व्यवस्थाही आहे, आणि गोळीही आत आहे. बिघडतं ते राबवण्यात. पगार एकवीस हजारांच्या वर गेला की चालू अंशदान काळ संपताच माणूस बाहेर. ही मर्यादा २०१७ पासून हललेली नाही. ठेकेदार बदलला की नवा विमा क्रमांक निघतो आणि जुन्या क्रमांकावरचे दिवस वाऱ्यावर जातात. दवाखान्यात औषध नसलं की बाहेरून घ्या आणि बिल लावा. सार्वत्रिक सेवेचा नमुना परदेशात शोधण्याआधी वागळे इस्टेट आणि वाशीच्या कामगार रुग्णालयांत औषधांचा साठा कसा राहील ते आधी बघितलेलं बरं.

पैसा कुठून, हा प्रश्न उरतो. देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मधल्या ६४ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९ टक्क्यांवर आला, ही बरी गोष्ट. सरकारचा खर्च मात्र त्या वर्षी सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपी) १.८४ टक्केच होता, आणि २०१७ च्या धोरणाने २०२५ पर्यंत अडीच टक्के गाठायचे म्हटले होते. वाढीव रुपया कुठे जावा, यावर माझं मत उघड आहे. योजनेतल्या प्रक्रियांची यादी लांबवण्याआधी तो संध्याकाळची ओपीडी, तीस दिवसांची औषधं आणि यादीवरच्या फोनला जावा. हे मिळाल्यावर नागरिकानेही तारखेला यावं, तंबाखू सोडायचा प्रयत्न करावा, तापाला थेट कळव्याला न जाता आधी वॉर्डातल्या केंद्राची चिठ्ठी घ्यावी, अशी अट घालायला माझी ना नाही. चिठ्ठीवाल्याला मोठ्या रुग्णालयात वेगळी, लवकरची रांग दिली की ही अट सक्ती न करताही पाळली जाईल.

हे होतंय की नाही, हे तपासायला तज्ज्ञ लागत नाही. आपल्या प्रभागातल्या आरोग्य केंद्राला, हवं तर माहितीच्या अधिकारात, चार आकडे विचारावेत: रक्तदाबाचे नोंदलेले रुग्ण किती, गेल्या तिमाहीत त्यातले आले किती, आलेल्यांपैकी १४०/९० च्या खाली किती, आणि अॅम्लोडिपिनचा साठा किती दिवस शून्य होता.